अंगावर धावून आलेल्या कोचसमोर पंचाने नेमकं काय करायचं? क्रीडा संघटनांना खुलं पत्र

प्रति,
सर्व खेळांच्या संघटनांचे पदाधिकारी, स्पर्धांचे संयोजक आणि शिस्तपालन समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

पंचाने कुठल्याही प्रसंगी संयम सोडू नये, अशा अर्थाचं एक वाक्य आपल्या बहुतेक आचारसंहितांत असतं. त्याला आमचा विरोध नाही. पण चिडलेला कोच रेषा ओलांडून आत येतो आणि पंचाची कॉलर धरतो, तेव्हा संयम म्हणजे काय? कॉलर सोडवायला पंचाने त्याच्या मनगटाला हात लावला तर चालेल का? ढकलून अंतर तयार केलं तर? याचं उत्तर आचारसंहितेत नाही, प्रशिक्षण शिबिरात नाही, आणि समितीसमोर मात्र ‘हात तर तुम्हीही लावलात’ असं ऐकून घ्यावं लागतं. मग कोचला चार सामन्यांची बंदी आणि पंचाला ताकीद, असा ‘समतोल’ निकाल येतो.

आमचं मागणं सरळ आहे. स्वतःला सोडवणं आणि उलट मारणं यांतली रेघ लेखी आखून द्या, आणि त्या रेघेच्या अलीकडे राहून सुटायचं कसं हे पंचांना अंगवळणी पडेपर्यंत शिकवा.

आधी अंतराबद्दल, कारण नव्वद टक्के शहाणपण तिथेच आहे (हा आकडा मोजून काढलेला नाही, आमचं मत आहे). डोळ्यांना काही दिसल्यावर शरीराची प्रतिक्रिया सुरू व्हायला साधारण पाव सेकंद लागतो. हाताच्या टप्प्यात उभ्या माणसाची मूठ जवळपास तेवढ्याच वेळात पोहोचते. म्हणजे त्या टप्प्यात कितीही चपळ माणूस उशिराच हलणार. म्हणून भिस्त चपळाईवर ठेवायची नाही, अंतरावर ठेवायची: दोन हातांचं, सुमारे दोन मीटर. कोच पुढे आला की पंचाने तिरकं मागे सरकायचं. सरळ मागे गेलं तर समोरचा सरळ रेषेत येत राहतो, तिरकं गेलं तर त्याला दिशा बदलावी लागते, आणि आपल्याला एक श्वास मिळतो.

मैदानांची आखणी या अंतराच्या विरोधात आहे, हेही पाहा. फुटबॉलच्या नियमांनुसार टेक्निकल एरिया (बेंचभोवतीची, कोचने उभं राहायची जागा) टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या लांबीकडच्या रेषेपासून, एक मीटरपर्यंत पुढे येऊ शकतो, आणि सहायक पंच त्याच टचलाइनवरून धावतो. टोकाला उभ्या असलेल्या कोचच्या हाताच्या टप्प्यात तो सामन्यात कितीतरी वेळा येतो, आणि तेही नजर खेळाकडे ठेवून. खेळ थांबलेला असेल आणि बेंच तापलेलं असेल, तर सहायकाने दोन पावलं मैदानात येऊन बेंचकडे तोंड करून उभं राहावं. एवढी साधी सूचनाही बहुतेक ठिकाणी दिली जात नाही.

2019-20 च्या हंगामापासून फुटबॉलमध्ये कोचलाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. बदल योग्यच होता, पण त्याने रेफ्रीच्या वाट्याला एक नवी चाल आली: खिशात हात घालून, रागावलेल्या माणसाकडे, त्याच्याच माणसांच्या घोळक्यात चालत जायचं. ही चाल शिकवावी लागते. तीन मीटर अलीकडे थांबायचं. कोचलाच घोळक्यातून पुढे बोलवायचं. चौथ्या पंचाने (मैदानाबाहेर बेंचजवळ असणाऱ्या) बाजूला, कोचच्या खांद्याच्या रेषेत उभं राहायचं. कार्ड सरळ वर धरायचं, चेहऱ्यासमोर नाचवायचं नाही. जवळून पुढे केलेलं कार्ड समोरच्याला नाकावर आलेल्या बोटासारखं वाटतं. मग दोन-तीन पावलं मागे येऊन मगच पाठ वळवायची.

नोंद मान खाली घालून करायची नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एका हौशी सामन्यात रेफ्री पिवळ्या कार्डाची नोंद लिहीत असताना 17 वर्षांच्या गोलकीपरने त्याच्या डोक्यावर ठोसा मारला. वही छातीच्या उंचीवर धरली की वरच्या कडेवरून समोरचा माणूस दिसत राहतो. त्याहून चांगलं म्हणजे आधी दूर व्हायचं, मग लिहायचं. नाव आणि वेळ दहा सेकंद लक्षात ठेवता येते.

हात कुठे ठेवायचे? पाठीमागे नको. पाठीमागे हात बांधून शांतपणे ऐकणारा रेफ्री छायाचित्रात रुबाबदार दिसतो, पण तिथून हात चेहऱ्यापर्यंत यायला फार वेळ लागतो. खिशात नको, छातीवर घडी घालून नको. दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, कोपरं अंगाजवळ. बोलताना माणूस सहज हात हलवतो तसे. एक पाय अर्धं पाऊल मागे, गुडघे किंचित सैल, अंग थोडं तिरकं. या उभं राहण्यात भांडणाचा आविर्भाव नाही, प्रेक्षकांना आणि कॅमेऱ्याला तो समजूत घालणारा माणूस दिसतो, आणि तरी हात कामाच्या जागी असतात. बोट रोखायचं नाही. कोचच्या खांद्यावर मैत्रीनेही हात ठेवायचा नाही. पहिला स्पर्श कोणी केला, हा प्रश्न नंतर हमखास येतो.

शिट्टी गळ्यातल्या दोरीला लावलेली असेल तर तीच दोरी पकडून माणसाला खेचता येतं. बोटात अडकवायची पकड किंवा मनगटाचा पट्टा वापरा. दोरीच हवी असेल तर ओढ बसताच सुटणारी. हा खर्चाचा नाही, सवयीचा प्रश्न आहे. झेंडा हे हत्यार नाही. सहायकाने तो खाली, पायालगत धरायचा.

शब्द कमी, आवाज खालचा. ‘कोच, मागे व्हा.’ दोनदाच. तिसऱ्यांदा म्हणण्याऐवजी निघायचं. निर्णयाचं स्पष्टीकरण त्या क्षणी द्यायला जाणं ही नव्या पंचांची नेहमीची चूक. ओरडणाऱ्या माणसाला नियमाचं कलम ऐकू येत नाही. आणि धोक्याची खूण मोठा आवाज ही नसते. आरडाओरडा करणारा माणूस एकाएकी गप्प होतो, जबडा आवळतो, टोपी किंवा घड्याळ काढून ठेवतो, आजूबाजूला नजर टाकतो, एक खांदा मागे घेतो, तेव्हा सावध व्हायचं.

कोचला आवरायचं कोणी? पंचांनी नाही. त्याच्या सहायक कोचला, संघव्यवस्थापकाला किंवा कर्णधाराला नावाने हाक मारून सांगायचं: ‘यांना घेऊन जा.’ आपल्याच माणसाचा हात रागावलेला माणूस सहन करतो, पंचाचा करत नाही. बाकीच्या पंचांनी एका ओळीत उभं राहायचं नाही. त्रिकोण करायचा: एकाची नजर कोचवर, दुसऱ्याची बेंचवर, तिसऱ्याची बाहेर पडायच्या वाटेवर.

प्रत्येक खेळाची आपली अवघड जागा असते, ती त्या त्या संघटनेनेच शोधायला हवी. एकच उदाहरण देतो. व्हॉलीबॉलमध्ये पहिल्या पंचाची नजर जाळ्याच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे 50 सेंटीमीटर वर असावी लागते, म्हणून तो स्टँडवर उभा असतो. वर असताना तो बराच सुरक्षित असतो. सामना संपल्यावर शिडीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून तो उतरतो, तो क्षण धोक्याचा. दुसऱ्या पंचाने त्या वेळी स्कोअररच्या टेबलाशी गप्पा मारत न राहता स्टँडच्या पायाशी यायला हवं.

आता प्रत्यक्ष हात पडतो तेव्हा. इथे आमचा एक आग्रह आहे: पंचांना कराटे शिकवू नका. ब्लॅक बेल्टवाल्या पाहुण्याने दोन तासांत मनगट मुरगाळण्याच्या बारा युक्त्या दाखवायच्या, टाळ्या घ्यायच्या आणि जायचं, हा प्रकार निरुपयोगी नाही तर घातक आहे. भीतीने काळीज धडधडत असताना बोटांची बारीक कामं जमत नाहीत. हात, खांदा, कंबर यांच्या मोठ्या, ढोबळ हालचाली तेवढ्या उरतात. म्हणून पाचच गोष्टी शिकवा.

धक्का. छातीवर धक्का बसला की ताठ उभं राहून झेलायचा नाही. मागचा पाय तिरका टाकत अंग फिरवायचं, म्हणजे जोर बाजूने निघून जातो. तोल गेलाच तर हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि हात मागे टेकवायचा नाही, मनगट मोडतं. 26 सप्टेंबर 1998 ला इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्यात पाओलो दी कानिओ या खेळाडूने रेफ्री पॉल अल्कॉकला ढकललं, तेव्हा अल्कॉक बरीच पावलं अडखळत जाऊन पडले. त्या पडण्यावर जगभर विनोद झाले. पण हॉलच्या लाकडी किंवा काँक्रीटच्या जमिनीवर डोक्याचा मागचा भाग आधी आपटला तर त्यात विनोद काही उरत नाही. मागे पडायला शिकणं हे या पाचांतलं सर्वांत उपयोगी, आणि सर्वांत कमी शिकवलं जाणारं.

ठोसा. हनुवटी खाली, दोन्ही कोपरं पुढे, हात कानांवरून डोक्यामागे जातील अशी ढाल, डोळे उघडे, आणि बाजूला तिरकं पाऊल. हाताने हात अडवायला जायचं नाही, तो नेम साधत नाही.

पकड. मनगट धरलं असेल तर पकडीचा कच्चा भाग म्हणजे अंगठा आणि बोटं यांच्यामधली फट. आपल्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची, कोपर समोरच्याच्या दिशेने वाकवायचं आणि त्या फटीतून हात झटक्यात बाहेर. नुसतं मागे ओढलं तर ताकदीची स्पर्धा होते. कॉलर किंवा शर्ट धरला असेल तर हनुवटी खाली घेऊन एक पाऊल मागे, त्याच्या मनगटावर वरून आपली बाहू टाकत कंबरेतून वळायचं. शर्ट फाटला तर फाटू द्यायचा.

गळा. हे वेगळं प्रकरण आहे आणि तसंच मानलं पाहिजे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपू शकते. समोरून दोन्ही हातांनी गळा धरला तर हनुवटी खाली, एक हात कानाला चिकटवून सरळ वर, आणि त्याच्या हातांवरून अख्खं अंग फिरवायचं, अंगठे सुटतात. नाही सुटले तर पंचाने जो काही जोर लागेल तो लावावा. गळ्यावर हात पडलेला असताना पंचाने मारलेला फटका हा संयमभंग नव्हे, आणि हे वाक्य तुमच्या नियमावलीत असायलाच हवं.

जमीन. 11 डिसेंबर 2023 ला अंकारामध्ये सामना संपताच अंकारागुजू या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष मैदानात आला आणि त्याने रेफ्री हलिल उमुट मेलेर यांच्या तोंडावर ठोसा मारला. ते पडल्यावर इतरांनी त्यांना लाथा मारल्या. डोळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तुर्कस्तानच्या संघटनेने लीगचे सामनेच थांबवले. पडल्यावर कुशीवर वळायचं, गुडघे छातीशी, बाहू डोक्याभोवती. मारणारा एकच असेल तर पाय त्याच्याकडे करायचे. संधी मिळताच एक हात आणि एक पाय टेकून, तोंड धोक्याकडे ठेवून मागे उठायचं. बाकीच्या पंचांनी मारणाऱ्याशी झोंबण्यापेक्षा पडलेल्याच्या डोक्याशी येऊन आडोसा करावा.

या पाचांनंतर सहावी गोष्ट शिकवायची ती म्हणजे थांबणं. पकड सुटली, हात थांबला. दूर लोटणं एकदाच. माणूस मागे जात असताना दिलेला दुसरा धक्का म्हणजे उट्टं काढणं. बहुतेक देशांच्या कायद्यांत स्वसंरक्षणाची कसोटी याच धर्तीची असते: धोका त्याच क्षणी होता का, बळ वापरण्याशिवाय गत्यंतर नव्हतं का, आणि ते धोक्याच्या मानाने होतं का. शिस्तपालन समितीने हेच तीन प्रश्न विचारावेत. ‘तुम्ही चिडला होता का?’ हा चौथा प्रश्न विचारू नये. मार खाणारा माणूस चिडतोच.

मिरचीचा फवारा किंवा तत्सम काही पंचाच्या पिशवीत नको. बंद हॉलमध्ये तो खेळाडूंना, मुलांना आणि स्वतः पंचालाही लागतो, आणि त्यानंतर बळी कोण हे सांगणं अवघड होतं.

सराव वर्षातून तीनदा, दीड-दीड तास पुरे. पण तो सामन्याच्या कपड्यांत आणि बुटांत, शिट्टी हातात घेऊन, आणि आधी दमवून घ्या. चारशे मीटर पळवा, मग कोचची भूमिका करणाऱ्याला कानाशी ओरडू द्या. ताज्या दमाने गादीवर जमलेली हालचाल शेवटच्या मिनिटाला जमत नाही.

प्रसंग घडल्यानंतर सामना पुन्हा सुरू करायचा नाही. संयोजक ‘पाचच मिनिटं राहिली आहेत’ म्हणून गळ घालतात. ती गळ तुम्ही लेखी सूचनेने बंद करा. हल्लेखोराला लाल कार्ड दाखवायला परत त्याच्याजवळ जाण्याचं कारण नाही. संघव्यवस्थापकाला सांगा, अहवालात लिहा. मैदानात विजेता जाहीर करायचा नाही, ते समितीचं काम.

डोक्याला मार लागलेल्या पंचाने गाडी चालवू नये आणि पहिले 24 ते 48 तास एकट्याने राहू नये. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, डोळ्यांतली एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, कानातून किंवा नाकातून पातळ पाणी येणं, यांपैकी काहीही दिसलं की तडक रुग्णालय. ‘बरं वाटतंय’ यावर विसंबू नका. युटामधल्या त्या रेफ्रीची इजा सुरुवातीला किरकोळ वाटली होती. आठवड्याभराने त्याचा मृत्यू झाला. डिसेंबर 2012 मध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथे मुलांच्या सामन्यानंतर मार खाल्लेला स्वयंसेवक लाइनमन घरी गेला, परत दुसरा सामना बघायला आला आणि तिथे कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

अहवाल त्याच रात्री, आणि प्रत्येक पंचाने एकमेकांशी चर्चा करण्याआधी स्वतंत्र लिहावा. ‘मारहाण केली’ हा निष्कर्ष झाला, ‘उजवी मूठ, माझ्या डाव्या गालावर, एकदा, मी त्या वेळी टचलाइनच्या आत उभा होतो’ ही माहिती झाली. शिव्या जशाच्या तशा. आणि पंचाने स्वतः जे केलं ते सगळं लिहायचं: हात झटकला, छातीवर एकदा ढकललं, का ढकललं. चित्रफितीत दिसणारी गोष्ट अहवालात नसली की उरलेल्या खऱ्या अहवालावरचाही विश्वास उडतो. जखमांची छायाचित्रं त्याच रात्री आणि दोन दिवसांनी पुन्हा, कारण काळं-निळं नंतर उमटतं. रक्त लागलेला शर्ट धुवायचा नाही. वाळवून कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नाही. हॉलच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण लगेच मागवायचं, काही दिवसांत त्यावर नवं चढतं.

आता खास तुमच्याकडची कामं. फुटबॉलमध्ये रेफ्रीचा कार्ड दाखवण्याचा अधिकार मैदान सोडताच संपतो. बास्केटबॉलमध्ये मुख्य पंचाने स्कोअरशीटवर सही केली की सामन्याशी त्याचा संबंध संपतो. कोचचा राग त्या सहीपाशी संपत नाही. तो बोळात, जिन्यात आणि पार्किंगमध्ये भेटतो, आणि तिथली जबाबदारी आज कोणाचीच नाही. प्रत्येक सामन्यासाठी एका माणसाचं नाव आणि फोन नंबर पंचांना आधी द्या: शेवटच्या शिट्टीपासून पंच गाडीत बसेपर्यंत हा सोबत राहील. पंचांच्या खोलीला आतून कडी हवी. तिथे जायची वाट दोन्ही बेंचसमोरून जात असेल तर टेबल हलवा, वाट बदला. गाडी तोंड बाहेर करून लावू द्या. सामन्यानंतर 30 मिनिटं कोणत्याही कोचने पंचांच्या खोलीकडे फिरकू नये, असा नियम करा आणि तो पाळायला दारात माणूस उभा करा.

बेंचवर फक्त नोंदणी झालेली माणसं बसतील. मुलांच्या सामन्यांत कोणाचे काका, कोणाचे जुने गुरुजी बेंचवर येऊन बसतात, आणि हात उगारणारा नेमका तोच निघतो ज्याच्यावर बंदी घालायला त्याचं नावच कुठे नाही. फुटबॉलच्या नियमांत दोषी माणूस ओळखता आला नाही तर टेक्निकल एरियातल्या मुख्य कोचला कार्ड मिळतं. बाकी खेळांनीही हे उचलावं. मग कोच स्वतःच बेंच साफ ठेवतो. अल्पवयीन पंचाला मोठ्यांच्या कोचसमोर एकटं उभं करणं मात्र आजपासून बंद करा, त्याला चर्चा नको.

शिक्षेबद्दल थोडक्यात. फिफाच्या शिस्तसंहितेत सामनाधिकाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला किमान 15 सामने किंवा योग्य त्या मुदतीची बंदी आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये क्यूबाच्या आंखेल मातोसने तायक्वांदोच्या पंचाच्या तोंडावर लाथ मारली, तेव्हा जागतिक संघटनेने त्याच्यासह त्याच्या कोचलाही आजन्म बंदीची शिक्षा दिली. आकडा किती ठेवायचा ते तुम्ही ठरवा. आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की बंदी चौकशी संपल्यावर नव्हे, अहवाल मिळाल्या दिवसापासून तात्पुरती लागू व्हावी. नाहीतर पुढच्या रविवारी तोच कोच, तेच मैदान आणि पंचही तोच. आणि पोलिसांत जाऊ नका, घरातलं घरात मिटवू, असं सांगायला कोणत्याही पदाधिकाऱ्याने पंचाला फोन करू नये. तक्रार करायची की नाही हा त्याचा निर्णय.

नियमावलीत घालण्यासाठी मजकूर आम्हीच सुचवतो, काटछाट करायला हरकत नाही: ‘सामनाधिकाऱ्याने अंगावर आलेला हात अडवणे, पकड सोडवणे, अंतर निर्माण करण्यासाठी एकदा दूर लोटणे आणि गळा, डोके किंवा जमिनीवर पडलेल्या शरीरावरील हल्ल्यात सुटकेसाठी आवश्यक तेवढे बळ वापरणे हे गैरवर्तन धरले जाणार नाही. धोका टळल्यावर केलेली कृती या कलमाखाली येणार नाही.’

पुढच्या हंगामाच्या नेमणुका जाहीर होण्याआधी या मजकुरावर तुमचं उत्तर यावं. होकार असेल तर सरावाच्या तारखा आम्ही देऊ.

आपले,
पंचांना शिकवणारे आणि त्यांच्या तक्रारींचे कागद हाताळणारे काही सामनाधिकारी